आपले पान आणि बदलते यंत्र

सभा संपल्यावर जिना उतरता उतरता जे प्रश्न विचारले जातात, ते पुष्कळदा सभेतल्या प्रश्नांपेक्षा अधिक मनापासूनचे असतात. गेल्या वसंतात असेच एक निवृत्त शिक्षक आम्हांला भेटले. "तुम्ही इंटरनेटवर लिहिता असे ऐकतो," ते म्हणाले. "मलाही ब्लॉग काढावयाचा आहे. चाळीस वर्षे शिकविले, त्यातले थोडे लिहून ठेवावे म्हणतो. पण तो यशस्वी कसा करतात? आणि हे तंत्रज्ञान तर दर सहा महिन्यांनी बदलते. ह्या वयात त्याच्यामागे किती धावावयाचे?" जिन्यात उभ्या उभ्या आम्ही काही तरी उत्तर दिले, पण ते आमचे आम्हांलाच पटले नाही. लोक हे दोन प्रश्न निरनिराळे समजतात. आमच्या अनुभवाने ते एकमेकांत गुंतलेले आहेत. ते कसे, हेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम ब्लॉग म्हणजे काय ते पाहू. टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनीव्हाजवळच्या 'सर्न' ह्या संशोधनसंस्थेत १९८९ साली वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली, आणि एप्रिल १९९३ मध्ये त्या संस्थेने ती सर्वांना विनामूल्य खुली केली. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य नागरिकांना इंटरनेटची जोडणी देण्यास आरंभ केला. ह्या जाळ्यावर स्वतःचे पान मांडणे तेव्हाही शक्य होते. परंतु त्यासाठी एचटीएमएल ही खुणांची भाषा शिकावी लागे. काही हौशी मंडळी आपल्या पानावर नित्य नोंदी करीत. नवी नोंद वर, जुनी खाली. अशा नोंदवहीला जॉर्न बार्गर ह्यांनी १९९७ साली 'वेबलॉग' म्हटले आणि दोन वर्षांत त्याचे 'ब्लॉग' झाले. १९९९ साली 'ब्लॉगर' आणि २००३ साली 'वर्डप्रेस' ही साधने निघाली. मग ज्याला टंकलेखन येते त्या प्रत्येकाला आपला मजकूर जगापुढे ठेवता येऊ लागला. ह्या नोंदींची दोन लक्षणे ध्यानात ठेवावीत. प्रत्येक नोंदीवर तारीख असते, आणि प्रत्येक नोंदीला स्वतःचा पत्ता असतो.

महाराष्ट्राला ही गोष्ट तत्त्वतः नवी नाही. लोकहितवादींनी १८४८ ते १८५० ह्या काळात 'प्रभाकर' साप्ताहिकात १०८ पत्रे लिहिली. सरकारी नोकरी सांभाळून, टोपणनावाने, एका विषयावर थोडक्यात लिहावयाचे आणि थोड्या दिवसांनी पुन्हा लिहावयाचे, हा त्यांचा क्रम होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' काढली. १८८१ पर्यंत तिचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील बहुतेक सारा मजकूर एकट्या शास्त्रीबुवांच्या हातचा. एक माणूस, त्याचे स्वतःचे मत आणि वाचकाशी केलेला वायदा, ह्या भांडवलावर हे उद्योग चालले. चांगला ब्लॉगही ह्याच भांडवलावर चालतो.

परंतु एक भेद आहे, आणि तो फार मोठा आहे. छापलेल्या अंकाच्या शेकडो प्रती घरोघर जातात. मूळ छापखाना राहो न राहो, कोणाच्या माळ्यावर, कोठल्या वाचनालयाच्या कपाटात एखादी प्रत शिल्लक राहते आणि पन्नास वर्षांनी तीवरून पुन्हा छापता येते. ब्लॉग हजार लोकांनी वाचला तरी तो बहुधा एकाच ठिकाणी साठविलेला असतो. ते ठिकाण बंद झाले की हजारही वाचकांकडून तो एकदम नाहीसा होतो. कागदाला वाळवी लागते ती हळूहळू. येथे दिवस ठरलेला असतो आणि त्या दिवशी सारे संपते.

हे आम्ही पुस्तकी ज्ञानाने सांगत नाही. २००३ साली आम्ही आमच्या गावच्या जुन्या कारागिरांविषयी लिहावयास घेतले. विनामूल्य जागा देणारी एक सोय होती. तेथे दीड वर्षात ३१ लेख चढविले. त्यांत एका वृद्ध तांबटाची मुलाखत तीन भागांत होती. पत्रा कसा तापवावा, घागरीचा गळा कसा जोडावा, मठारताना ठोके सारख्या अंतरावर कसे बसवावेत, हे त्यांनी आम्हांला दुकानाच्या ओट्यावर बसून सांगितले होते. त्यानंतर दोन वर्षांनी ते वारले. पुढे त्या सोयीने आपला कारभार आटोपता घेतला. तशी सूचना तिने पाठविली होती. परंतु ज्या ई-मेल पत्त्यावर ती आली, तो आम्ही केव्हाच वापरेनासे झालो होतो. आम्हांला कळले तेव्हा पाने जाऊन चार महिने झाले होते. घरी प्रत ठेवली नव्हती. जाळ्यावर आहे म्हणजे आहेच, अशी आमची समजूत होती.

आमचे नुकसान आमच्यापुरते होते. पण असे मोठ्या प्रमाणावरही घडले आहे. 'जिओसिटीज' ह्या प्रसिद्ध सेवेवर १९९४ पासून जगभरच्या लोकांनी आपली पाने मांडली होती. याहू कंपनीने ती सेवा १९९९ साली विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये जपानखेरीज सर्वत्र बंद केली. तिचा काही भाग स्वयंसेवकांनी आणि 'इंटरनेट अर्काइव्ह' ह्या संस्थेने धावपळ करून वाचविला. ब्रूस्टर केल ह्यांनी ही संस्था अमेरिकेत १९९६ साली स्थापिली. ती जाळ्यावरील पानांच्या प्रती साठविते, आणि २००१ पासून त्या कोणालाही पाहता येतात. तेथे शोध घेता आमच्या ३१ लेखांपैकी ९ सापडले. तांबटांच्या मुलाखतीचा पहिला भाग त्यांत होता. पुढचे दोन नव्हते.

सापडले म्हणजे हाती आले असे मात्र झाले नाही. पान उघडले तो सगळा इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला! ह्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. 'क' म्हणजे अमुक आकडा, असे सर्वांनी एकच ठरविले असेल तरच एकाने लिहिलेले दुसऱ्याला वाचता येते. त्या काळी मराठीसाठी अनेक खाजगी फाँट होते. त्यांची युक्ती अशी की आकडे इंग्रजी अक्षरांचेच वापरावयाचे, आणि त्या अक्षरांच्या आकृतींच्या जागी देवनागरी आकृती बसवावयाच्या. तो फाँट संगणकावर असेल तर मराठी दिसे. नसेल तर मागचे इंग्रजी उघडे पडे. आम्ही जो फाँट वापरला होता तो आता कोणी वापरीत नाही.

ह्यावरचा उपाय 'युनिकोड'. १९९१ पासून निघालेल्या ह्या मानकात जगातल्या लिपींच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक आहे. 'क' चा क्रमांक २३२५. तो पुण्यातही २३२५ आणि टोकियोतही २३२५. फाँट कोणताही असो, आकृती थोडी बदलेल, अक्षर बदलणार नाही. आम्ही एका रूपांतर करणाऱ्या साधनाने ते ९ लेख युनिकोडमध्ये आणले आणि प्रत्येक ओळ हाताने तपासली. 'दुसऱ्या', 'कोऱ्या' अशा शब्दांतला अर्धा र जागोजाग मोडला होता. हे काम आठ आठवडे चालले.

युनिकोडमध्ये लिहितानाही मराठी लेखकाने थोडे सावध असावे. 'ॲ' हे अक्षर पूर्वी 'अ' वर चंद्र जोडून काढीत. २००८ साली युनिकोडने त्याला स्वतंत्र क्रमांक दिला. डोळ्यांना दोन्ही सारखे. यंत्राला ते निराळे. 'ऱ्या' तही तीच गोष्ट आहे. तो दोन रीतींनी टंकता येतो. तेव्हा शोधणाऱ्याने एका रीतीने लिहिले आणि आपण दुसऱ्या रीतीने, तर साध्या शोधात आपला शब्द निसटण्याचा संभव असतो. म्हणून आपली रीत एकदा ठरवावी आणि ती बदलू नये.

आता यशाकडे वळू. यश म्हणजे एका दिवसात किती लोक येऊन गेले त्याचा आकडा, असे पुष्कळांना वाटते. पानाच्या तळाशी तो आकडा हलत असतो आणि लेखकाचे मन त्याच्याबरोबर हलत राहते. आमच्या मते, ज्याला एखादी गोष्ट खरोखर हवी आहे त्याला ती आपल्या पानावर सापडली, ती खरी निघाली, आणि पाच वर्षांनी तो पुन्हा आला तेव्हाही ती तेथेच होती, तर तो ब्लॉग यशस्वी. ही व्याख्या मान्य केली म्हणजे जिन्यातले दोन प्रश्न कसे जोडलेले आहेत ते दिसू लागते. यंत्र बदलत असताना आपले पान सापडते आणि वाचता येते ठेवणे, हाच यशाचा अर्धा भाग आहे.

उरलेला अर्धा लेखनाचा. त्याविषयी तीनच गोष्टी सांगतो. पहिली, जे आपल्याखेरीज दुसऱ्याला लिहिता येणार नाही ते लिहावे. तांब्याचे गुणधर्म कोठेही मिळतात. आपल्या आळीतला तांबट पत्रा कसा तापवी, हे आपणच लिहू शकतो. दुसरी, मथळा विषय सांगणारा असावा. 'आठवणींच्या झरोक्यातून' हा मथळा गोड खरा. पण मठारकामाची माहिती हवी असलेला मनुष्य झरोका शोधीत नाही. शोधयंत्रे मथळा, मजकुरातले शब्द आणि इतर पानांनी आपल्याकडे दाखविलेले दुवे पाहून पानाची योग्यता ठरवितात. 'तांब्याच्या घागरीवर मठारकाम कसे करतात' असे लिहावे, म्हणजे माणसाला आणि यंत्राला दोघांनाही कळते. तिसरी गोष्ट वायद्याची. रोज लिहीन अशी प्रतिज्ञा करून तीन आठवड्यांत थांबण्यापेक्षा महिन्याला एक लेख बरा. निबंधमाला मासिकच होती. आणि चूक आढळली तर ती गुपचूप पुसू नये; दुरुस्ती तारखेसह खाली नोंदवावी. वाचकाचा विश्वास बसतो तो अशा ठिकाणी.

वाचक येतो कोणत्या वाटेने, हेही पाहिले पाहिजे. कारण ह्या वाटाच सर्वांत अधिक बदलतात. एके काळी 'आरएसएस' नावाच्या सोयीने नव्या लेखाची वर्दी वाचकाला मिळे, आणि त्यासाठी पुष्कळ लोक 'गूगल रीडर' वापरीत. ते १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. 'ऑर्कुट' वर आपल्याकडची कितीतरी मंडळी जमत. ते सप्टेंबर २०१४ च्या अखेरीस मिटले. मग फेसबुक आणि व्हॉट्सॲप ह्यांची वाट रुळली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आणि २०२४ पासून गूगलचा शोधही कित्येक प्रश्नांना पानांच्या यादीच्या वर स्वतःच रचलेले उत्तर दाखवू लागला. वाचकाला तेवढ्याने भागले तर तो आपल्या पानापर्यंत येणारही नाही. हा धोका खरा आहे. परंतु असे यंत्र कोणीतरी लिहून ठेवलेल्यातूनच उत्तर रचते, आणि ते चुकतेही. तांबटाच्या ओट्यावर जाऊन ते बसत नाही. म्हणून पहिल्या हातच्या माहितीची किंमत ह्या बदलाने कमी झाली नाही, वाढलीच आहे. मात्र कोणत्याही एका वाटेवर विसंबू नये. ज्यांना आपले लेखन आवडते त्यांचे ई-मेल पत्ते त्यांच्या संमतीने घ्यावेत आणि नवा लेख झाला की त्यांना थेट पत्र टाकावे. ही वाट कोणा मधल्या कंपनीच्या मर्जीवर फारशी अवलंबून नाही.

मग नव्या गोष्टींपैकी घ्यावे काय आणि सोडावे काय? आम्ही तीन प्रश्न विचारतो. ह्याने वाचकाचे वाचणे सोपे होते काय? हे सर्वांनी मान्य केलेले मानक आहे, की एका कंपनीची खाजगी टूम? आणि हे उद्या बंद पडले तर आमचा मजकूर आमच्या हाती राहील काय? उदाहरणे घ्या. लोक फोनवर वाचू लागले आणि एप्रिल २०१५ पासून फोनवर नीट दिसणाऱ्या पानांना गूगलने फोनवरच्या शोधात झुकते माप दिले. हा बदल तिन्ही कसोट्यांना उतरतो, तो घ्यावा. पानाची ये-जा गुप्त लिपीत करणारी 'एचटीटीपीएस' ही पद्धत घ्यावी. २०१८ पासून क्रोम न्याहाळक ती नसलेल्या पानावर असुरक्षित असा शेरा मारतो, आणि तिच्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आता विनामूल्य मिळते. उलट, एके काळी हलत्या चित्रांची पाने 'फ्लॅश' मध्ये करण्याची मोठी लाट होती. ती पाने दिसत छान. पण ते एका कंपनीचे साधन होते आणि २०२० च्या अखेरीस त्या कंपनीने त्याचा पाठिंबा काढून घेतला. ज्यांनी मजकूरच त्यात कोंडला होता त्यांची पाने तेव्हापासून मुकी झाली.

ह्या तिसऱ्या प्रश्नातच पत्त्याचा विषय येतो. कंपनीने दिलेल्या पत्त्यावर राहणे म्हणजे भाड्याच्या खोलीत राहणे. स्वतःचे नाव नोंदवून घेता येते. दोन-तीन दिवाळी अंकांना जेवढे पैसे पडतात, साधारण तेवढ्यात वर्षाचे काम भागते, आणि २०१४ पासून '.भारत' ह्या शेवटाने देवनागरीतही नाव घेता येते. नाव आपले असले म्हणजे उद्या साठवणीची कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो. चांगले पत्ते बदलत नसतात, हा विचार बर्नर्स-ली ह्यांनी १९९८ सालीच एका लेखात आग्रहाने मांडला होता. पत्ता बदलणे अगदी भागच पडले, तर 'बिऱ्हाड अमुक ठिकाणी हलविले आहे' अशी पाटी जुन्या पत्त्यावर लावता येते. यंत्रांच्या भाषेत तिचा क्रमांक ३०१. ती लावली म्हणजे वाचक आणि शोधयंत्रे दोन्ही नव्या घरी पोचतात.

येथे एक शंका येईल. एवढी जागरूकता रोज कोणी ठेवावी? रोज ठेवण्याची गरज नाही. आमच्या गावचे कारागीर खंडेनवमीला हत्यारे धुऊन पुसून पुजतात. ज्याची मूठ सैल झाली असेल तिची पाचर त्याच दिवशी ठोकतात. आम्हीही त्या दिवशी पाच कामे करतो. नावाची नोंदणी आणि तिच्याशी जोडलेला ई-मेल पत्ता चालू आहे ना, ते पाहतो. जुने दहा-वीस दुवे उघडून तपासतो. सर्व लेख उतरवून घेतो. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींत तशी सोय आहे. एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या गावी, आप्तांकडे ठेवतो. पाने एखाद्या साध्या, स्वस्त फोनवर उघडून पाहतो. शेवटी, आमच्यामागे हे कोणी पाहावयाचे, त्या व्यक्तीजवळ किल्ल्या, म्हणजे परवलीचे शब्द, कोठे ठेवले आहेत ते सांगून ठेवतो. ह्याला एक दुपार पुरते. वर्षभर मग नव्या नव्या बातम्यांनी जीव घाबरा होत नाही.

"पण वाचणार कोण?" असे त्या शिक्षकांनी जिना संपता संपता विचारले होते. त्याचे उत्तर आम्हांला नंतर मिळाले. परत मिळविलेले ९ लेख आम्ही नव्या पत्त्यावर, युनिकोडमध्ये, विषय सांगणाऱ्या मथळ्यांखाली मांडले. काही महिन्यांनी दूरच्या शहरातून एका तरुणीचे पत्र आले. ती त्या तांबटांची नात. आजोबा गेले तेव्हा ती पाळण्यात होती. घरात त्यांची एक हातोडी आहे. ती कशासाठी वापरीत हे शोधता शोधता तिला आमचे पान सापडले. आजोबांचे शब्द तिने प्रथमच वाचले. पत्राच्या शेवटी तिने विचारले होते, "पहिला भाग असे वर लिहिले आहे. पुढचे भाग कोठे वाचावयास मिळतील?"

त्या पत्राला उत्तर लिहिणे आम्हांला जड गेले. आठवत होते तेवढे लिहून पाठविले. पण मुलाखत ती मुलाखत, आणि आठवण ती आठवण.

त्या शिक्षकांना आमचे आता एवढेच सांगणे आहे. गुरुजी, आपण अवश्य लिहा. महिन्याला एक लेख लिहा. आपल्या शाळेतले, आपल्या विद्यार्थ्यांचे, आपण स्वतः पाहिलेले लिहा. स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर, युनिकोडमध्ये लिहा आणि लिहिलेल्याची प्रत त्याच दिवशी घरी ठेवा. यंत्रे पुढेही बदलत राहतील, त्यांच्यामागे रोज धावू नका. खंडेनवमीची एक दुपार त्यांना द्या. वाचणारा कदाचित आज पाळण्यात असेल. तो येईल तेव्हा त्याला दुसरा आणि तिसरा भागही मिळाला पाहिजे.